काहीच उघडलेलं नसताना मेमरी ८७ टक्के? आधी कोण खातंय ते शोधा, मग रॅम घ्या

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. ती इचलकरंजीला घरी बसून तीन-चार दुकानांचे हिशेब लिहिते, सगळं काम लॅपटॉपवर, आणि म्हणाली अरे इतका जड झालाय हा की एक्सेलची शीट उघडायला लावून मी चहा टाकून येते तरी गोल गोल फिरतच असतं. दुकानात दाखवला तर त्यांनी न उघडताच सांगितलं रॅम कमी पडतेय, ८ ची १६ करा, नाहीतर फॉरमॅट मारून देतो. फॉरमॅट म्हटल्यावर ती घाबरली, कारण सगळे हिशेब त्यातच. मी म्हटलं ताई थांब, काही करू नकोस, आधी मला बघू दे.

तिचं नक्की काय निघालं ते पुढे सांगतो, पण हे लिहायला बसलो कारण असा प्रश्न मला दर पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारतं आणि प्रत्येक वेळी त्या माणसाने आधीच एखादा रॅम क्लीनर टाकलेला असतो किंवा नेटवर बघून चार सर्व्हिस बंद केलेल्या असतात. मेमरी भरली हे नुसतं लक्षण आहे. ताप आला म्हणून लगेच सलाईन लावत नाही ना आपण, तसंच इथे. खाली सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

सुरुवात टास्क मॅनेजरपासून. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, उघडतो. बहुतेक लोक प्रोसेसेसच्या पानावर वरचा टक्क्याचा आकडा बघतात आणि तिथेच थांबतात, पण खरं काम परफॉर्मन्सच्या पानावर आहे, तिथे डावीकडे मेमरीवर क्लिक करा आणि आलेखाच्या खालचे आकडे नीट वाचा. इन यूज म्हणजे आत्ता वापरात असलेली. त्याच्याच कंसात कॉम्प्रेस्ड असा एक छोटा आकडा असतो, ती विंडोजने दाबून ठेवलेली मेमरी, २०१५ ला विंडोज १० आलं तेव्हापासून ही सोय आहे. अव्हेलेबल म्हणजे मागितली तर लगेच देता येईल अशी. कॅश्ड म्हणजे मुख्यतः आधी वाचलेल्या फाइली परत लागतील म्हणून जवळ ठेवलेल्या, आणि यातला मोठा भाग अव्हेलेबलमध्येच मोजलेला असतो, म्हणजे कॅश्ड ३ जीबी दिसलं तर ती अडकलेली मेमरी नाही, दुसऱ्या कोणाला लागली की विंडोज ती लगेच सोडतं. विंडोज मुद्दामच रिकामी रॅम वापरात ठेवतं, घरात रिकामी खोली असेल तर आपण तिथे धान्याची पोती ठेवतोच की, पाहुणे आले की हलवायची.

म्हणून माझा हिशेब असा आहे. ८ जीबीच्या मशीनवर ब्राउझर चालू असताना ६०-७० टक्के दिसत असेल आणि मशीन व्यवस्थित चालत असेल तर काहीही करू नका, खरंच काही करू नका. काळजी कधी करायची, तर मशीन अडखळतंय, किंवा काहीच उघडलेलं नाही तरी ८० च्या वर आहे, किंवा सकाळी ४० असतं आणि संध्याकाळपर्यंत तेच काम करता करता ९० होतं.

दुसरा आकडा जो कोणी बघत नाही तो कमिटेड. तो दोन आकड्यांत असतो, समजा ९.४ / १२.६ जीबी. पहिला म्हणजे सगळ्या प्रोग्रामना मिळून विंडोजने द्यायचं कबूल केलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल (रॅम कमी पडली तर विंडोज डिस्कवरची जी फाइल वापरतं ती) मिळून देता येईल तेवढी मर्यादा. पहिला आकडा दुसऱ्याला टेकायला लागला की प्रोग्राम आपोआप बंद पडतात, मेमरी कमी आहे असा मेसेज येतो. असा मेसेज येऊन गेला असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, आणि तिथे २००४ नंबरचा इव्हेंट शोधा, रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर नावाने येतो. त्यात विंडोजने स्वतःच लिहून ठेवलेलं असतं की त्या वेळी सगळ्यात जास्त मेमरी कोणते प्रोग्राम खात होते. इतकी कामाची नोंद आहे ही आणि कोणी उघडूनच बघत नाही.

रॅम खरोखर कमी पडतेय का याची परीक्षा रिसोर्स मॉनिटरमध्ये होते. विंडोजचं बटण आणि आर दाबा, आणि आर ई एस एम ओ एन एवढी अक्षरं टाकून एंटर. मेमरीच्या पानावर हार्ड फॉल्ट्स पर सेकंद असा कॉलम आहे. हार्ड फॉल्ट म्हणजे बिघाड नव्हे, प्रोग्रामला हवी ती गोष्ट रॅममध्ये नव्हती म्हणून डिस्कवरून आणावी लागली इतकंच. प्रोग्राम उघडताना तो वर जाणारच. पण तुम्ही शांतपणे एकाच फाइलवर काम करताय आणि तरी तो मिनिटामागून मिनिट शेकड्यात आहे, तर रॅम खरंच अपुरी आहे, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर हाच तो अडखळण्याचा त्रास.

आता कोण खातंय. टास्क मॅनेजरच्या प्रोसेसेसमध्ये मेमरी या शब्दावर क्लिक केलं की मोठे वर येतात. दहापैकी सात-आठ घरात पहिला नंबर ब्राउझरचाच असतो, माझा अनुभव तरी तसाच आहे. क्रोममध्ये टॅबना आणि एक्सटेन्शनना (ब्राउझरला जोडलेली छोटी जादा टूल्स) स्वतंत्र प्रोसेस मिळते, आणि २०१८ पासून साइट आयसोलेशन आहे, म्हणजे वेगवेगळ्या साइट एकमेकींपासून वेगळ्या कोठडीत, सुरक्षेसाठी ते चांगलंच आहे पण त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझरसुद्धा त्याच पायावर उभा आहे. टास्क मॅनेजरमध्ये नुसत्या वीस ओळी दिसतात, कोणती कशाची ते नीट कळत नाही, तर ब्राउझर समोर असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा, ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि त्यात टॅबचं नाव, एक्सटेन्शनचं नाव, मेमरी सगळं लिहिलेलं असतं. मी ज्यांना ज्यांना हे दाखवलं त्यातल्या बऱ्याच जणांकडे कधीतरी टाकून विसरलेलं कूपन शोधणारं किंवा स्क्रीनशॉटचं एक्सटेन्शन दीड-दोनशे एमबी घेऊन बसलेलं होतं. काढून टाका सरळ.

आणि क्रोमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स म्हणून भाग आहे, तिथलं मेमरी सेव्हर चालू करा. बराच वेळ न बघितलेले टॅब तो झोपवतो, परत क्लिक केलं की पान नव्याने लोड होतं. इथे एक सांभाळा, बँकेचा किंवा सरकारी फॉर्म अर्धवट भरून दुसरीकडे गेलात आणि टॅब झोपला तर भरलेलं जाऊ शकतं, म्हणून अशा साइट नेहमी चालू ठेवायच्या यादीत घाला, तिथेच सोय आहे. एजमध्ये याला स्लीपिंग टॅब्ज म्हणतात. दोन्हीकडे ब्राउझर बंद केल्यावरही मागे अॅप चालू ठेवण्याचं एक बटण सिस्टिमच्या सेटिंगमध्ये असतं, ते बंद करा, नाहीतर खिडकी बंद करूनही तो पूर्ण गेलेला नसतो.

यादीत वेबव्ह्यू असं नाव दिसलं तर व्हायरस समजू नका. हल्ली बरेच प्रोग्राम आतून एजचंच इंजिन वापरतात, टीम्स, नवीन आउटलुक, टास्कबारवरचे विजेट्स सगळे त्यातलेच. विजेट्स बघत नसाल तर सेटिंग, पर्सनलायझेशन, टास्कबारमध्ये जाऊन बंद करून टाका.

स्टार्टअपचं सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात सांगतो. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप अॅप्सचं पान आहे, मशीन चालू होताना आपोआप उठणारे सगळे तिथे दिसतात. प्रिंटरचा सहाय्यक, मीटिंगचे अॅप, गेमचा लाँचर, हे डिसेबल केले तरी प्रोग्राम उडत नाहीत, हवे तेव्हा उघडता येतात. अँटिव्हायरस, टचपॅड आणि साउंडचं काही असेल त्याला हात लावू नका.

एखादं नाव अनोळखी वाटलं तर त्यावर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन करा. सर्व्हिस होस्ट नावाच्या प्रोसेस ढिगाने असतात आणि ते बरोबरच आहे, पण त्या विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधूनच आलेल्या पाहिजेत (क्वचित शेजारच्या सिसवाउ६४ मधून), तसलंच नाव घेऊन एखादी तुमच्या टेम्प किंवा डाउनलोडच्या फोल्डरमधून चालत असेल तर गडबड आहे. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावा, मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं जातात, आधी कामं सेव्ह करा. आणि काय आहे हे कळल्याशिवाय सिस्टिमच्या प्रोसेसवर एंड टास्क दाबू नका, काही अशा आहेत की मारल्या तर मशीन तिथल्या तिथे निळी स्क्रीन दाखवून बंद पडतं.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांसाठी एक. व्हीएममेम नावाची प्रोसेस वर दिसत असेल तर ती विंडोजमधल्या लिनक्सची आहे, डब्ल्यूएसएल २ ची, डॉकर वापरणाऱ्यांकडे हमखास. ती एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते, तशी परवानगी तिला मुळातच असते. आपल्या यूजर फोल्डरमध्ये डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाची साधी टेक्स्ट फाइल बनवून त्यात डब्ल्यूएसएल२ या चौकोनी कंसातल्या मथळ्याखाली मेमरी, बरोबरचं चिन्ह, ४जीबी असं इंग्रजीत लिहा, मग डब्ल्यूएसएल शटडाउनची कमांड द्या, पुढच्या वेळी ती तेवढ्यातच राहते.

आता ताईच्या लॅपटॉपकडे येतो, कारण तिथे वरचं काहीच लागू पडेना. क्विक असिस्ट चालू करायला लावलं तिला, विंडोजमध्येच असतं ते, आणि इथून स्क्रीन बघितली. ७.७ पैकी ६.७ जीबी वापरात, ८७ टक्के. पण प्रोसेसच्या यादीतले आकडे कागदावर मांडून बेरीज केली तर जेमतेम अडीच जीबी. मग उरलेली गेली कुठे? ब्राउझर बंद, एक्सेल बंद, यादीत वर कोणी मोठा नाही, तरी मेमरी भरलेली. दुकानदाराला दोष देत नाही मी, यादीत खाणारा दिसतच नाही म्हटल्यावर रॅम कमी आहे असंच वाटणार.

अशा वेळी परफॉर्मन्सच्या पानावर अगदी खाली नॉन पेज्ड पूल असा आकडा असतो तो बघायचा. ताईकडे तो ३.१ जीबी होता. साध्या घरगुती मशीनवर हा काही शे एमबी असतो, एक जीबीच्या वर गेला आणि चढतच राहिला तर समजायचं की गळती आहे. हा पूल म्हणजे विंडोजच्या गाभ्याने आणि ड्रायव्हरनी (वायफायसारखा एकेक भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं) वापरायची जागा, वायफाय, ग्राफिक्स, अँटिव्हायरसचा आतला भाग असे सगळे त्यातून मेमरी घेतात, आणि ती डिस्कवर ढकलता येत नाही म्हणून तिचं नाव नॉन पेज्ड. एखाद्या ड्रायव्हरमध्ये चूक असली, मेमरी घेतली आणि काम झाल्यावर परत दिलीच नाही, तर ती साठत जाते, आणि कोणत्याही प्रोग्रामच्या नावावर दिसत नाही. म्हणून बेरीज जुळत नाही.

दुसरी गोष्ट दिसली ती सीपीयूच्या पानावर, अप टाइम, म्हणजे विंडोज नव्याने सुरू होऊन झालेला वेळ, १९ दिवस. मी विचारलं ताई तू लॅपटॉप बंद करत नाहीस का, ती म्हणाली अरे रोज रात्री शट डाउन करूनच झोपते. आणि ती खरंच बोलत होती. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, त्यात शट डाउन केलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात, त्यामुळे मशीन लवकर चालू होतं, पण त्यात साठलेली गळतीही तशीच परत येते. रीस्टार्ट मात्र सगळं नव्याने उभं करतो. शट डाउन आणि रीस्टार्ट यातला हा फरक लक्षात ठेवा, मशीन जड झालं की आधी रीस्टार्ट. किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक केलं तरी त्या वेळी पूर्ण बंद होतं. फास्ट स्टार्टअपच कायमचं बंद करायचं तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरची बटणं काय करतात त्या भागात त्याची टिक काढता येते.

रीस्टार्ट केल्यावर तिचा पूल ३०० एमबीच्या आसपास आला आणि लॅपटॉप पळायला लागला, ताई म्हणाली झालं की! पण झालं नव्हतं, कारण दोन दिवसांत तो परत ९०० वर गेला. म्हणजे गळती चालूच होती, आता चोर पकडायचा होता.

त्यासाठी पूलमॉन नावाचं छोटं टूल आहे, मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ड्रायव्हर किटमध्ये येतं, फुकट आहे. अॅडमिन म्हणून चालवायचं, पी दाबत राहून नॉन पेज्डवर यायचं आणि बी दाबून बाइट्सप्रमाणे मोठे वर आणायचे. प्रत्येक ओळीत चार अक्षरांचा एक टॅग असतो, त्या त्या ड्रायव्हरने स्वतःची खूण म्हणून लावलेला. किती वेळा घेतली, किती वेळा परत दिली आणि दोन्हीतला फरक किती हे पुढे लिहिलेलं असतं. ज्या टॅगचा फरक बघता बघता वाढतच जातो, कमी होतच नाही, तो आपला माणूस. टॅग कोणाचा हे कळायला कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये जा आणि फाइंडस्ट्र ही कमांड द्या, स्पेलिंग एफ आय एन डी एस टी आर, पुढे स्लॅश एम, स्लॅश एल, मग तो टॅग, मग स्टार डॉट एसवायएस. ज्या ज्या ड्रायव्हर फाइलमध्ये ती अक्षरं आहेत त्यांची नावं येतात, दोन-तीन आली तर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजच्या डिटेल्समध्ये कोणाची ते बघायचं.

ताईकडे तो वायफायचा ड्रायव्हर निघाला. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर तिच्या मॉडेलच्या नंबरखाली त्याची नवीन आवृत्ती होती, ती टाकली, रीस्टार्ट, आणि मग आठ दिवस तिला रोज संध्याकाळी तो एक आकडा मला पाठवायला सांगितला. ३१०, ३३०, ३२०, असाच राहिला. एक रुपया खर्च नाही, हिशेब सगळे जागेवर. १६ ची रॅम टाकली असती तर काय झालं असतं, तर दोन आठवड्यांऐवजी महिनाभराने भरली असती, एवढंच.

पूलमॉनचं जमणार नसेल तर साधा रस्ताही आहे, थोडा वेळ खाणारा. डिव्हाइस मॅनेजर उघडून आधी नेटवर्क, मग ग्राफिक्स, मग बाकीचे असे ड्रायव्हर एकेक करून कंपनीच्या साइटवरून नवीन करा, प्रत्येक वेळी रीस्टार्ट आणि एक-दोन दिवस आकड्यावर नजर. बाहेरचा अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन असेल तर तो काढून बघणंही यातच येतं. आणि ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देतो म्हणणारी जी सॉफ्टवेअरं नेटवर मिळतात ती कृपया टाकू नका, लॅपटॉपवाल्याची साइट आणि विंडोज अपडेट एवढं पुरे.

नेटवर जे उपाय फिरतात त्याबद्दल. रॅम क्लीनर चालू असलेल्या प्रोग्रामांची मेमरी जबरदस्तीने रॅममधून बाहेर काढतात, आकडा लगेच खाली येतो, बघायला छान वाटतं, आणि पुढच्याच मिनिटाला तीच मेमरी परत आणायला तेच हार्ड फॉल्ट. मशीन आणखी हळू होतं. पेजफाइल बंद करा म्हणून सांगतात, ते तर अजिबात करू नका, कमिटची मर्यादा एकदम खाली येते आणि ८ जीबीच्या मशीनवर प्रोग्राम धडाधड पडायला लागतात, ती सिस्टिमने सांभाळावी हेच सेटिंग बरं. सिसमेन सर्व्हिस (नेहमी लागणारे प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी) बंद करण्याबद्दल माझं मत असं की एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, असेल तर बंद करून फारसं काही मिळत नाही, राहू द्या.

कधी कधी रॅम लावलेली ८ असते आणि टास्क मॅनेजर ५.९ वगैरेच दाखवतो. तिथे हार्डवेअर रिझर्व्ह्ड बघा, काही लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी दोन जीबीपर्यंत बाजूला काढलेली असते, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सेटिंग) कमी करता येते कधीकधी. ३२ बिटचं विंडोज असेल तर मात्र चार जीबीच्या वर ते बघतच नाही.

आणि एवढं सगळं करून हार्ड फॉल्ट चढलेलेच असतील, खाणारे सगळे तुमच्या कामाचेच असतील, गळती नसेल, तर मग हो, रॅम घ्या. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव बरेच वाढलेत म्हणून आधी नीट बघून. टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरीच्या पानावर स्लॉट्स यूज्ड (रॅमच्या किती जागा वापरात आहेत) दिसतं, १ ऑफ २ असेल तर एक जागा रिकामी आहे, तरी उघडून खात्री करा. फॉर्म फॅक्टरमध्ये रो ऑफ चिप्स लिहिलेलं असेल तर ती रॅम मदरबोर्डवरच जोडलेली आहे, ती काढता येत नाही, वेगळा स्लॉट आहे का ते मॉडेलच्या माहितीत बघा. लॅपटॉपची डीडीआर४ पट्टी २६० पिनची आणि डीडीआर५ ची २६२ पिनची, खाचही वेगळ्या जागी, एकमेकींत बसत नाहीत, म्हणून दुकानात जाताना त्या पानाचा फोटो काढून न्या, स्पीडसकट. बसवल्यावर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवा, आणि रीस्टार्टनंतर पहिल्या दिवशीच नॉन पेज्ड पूल आणि कमिटेड हे दोन आकडे वहीत तारखेसकट लिहून ठेवा, सहा महिन्यांनी परत जड वाटलं तर तुलना करायला तेच लागतात.